ॲनाकोंडाचा विकाऊ शांतपणा

“हा एकदम शांत आहे, हातात घेऊन बघा, काही करत नाही.” नायगाव पूर्वेच्या नव्या इमारतींत परदेशी साप पाळणाऱ्या किंवा पाळू पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं असतं. आधी ते बॉल पायथनबद्दल ऐकू यायचं. आता पिवळ्या ॲनाकोंडाचं नाव निघू लागलंय. वाक्यामागची बाजूही पाठ असते: लहान असल्यापासून रोज हाताळला की ॲनाकोंडा माणसाळतो, त्याला विष नाही, म्हणजे जिवाला धोका नाही, सरकारनेच नोंदणी सुरू केली, म्हणजे पाळायला हरकत नाही, अमेरिकेत लोक पाळतातच, आणि तुम्ही सर्पमित्र स्वतः साप हातात धरता, मग आम्हाला कोणत्या तोंडाने अडवता?

मी नायगाव-जूचंद्र पट्ट्यात सापांचे कॉल घेतो. ही मुलं मला परकी नाहीत. सोसायटीत धामण निघाली की काठी घेऊन धावणाऱ्या वॉचमनला हीच मुलं अडवतात, मला फोन लावतात, साप पिशवीत जाईपर्यंत गर्दी मागे ढकलतात. त्यांच्या सापांवरच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं तर ते मुद्द्याला मुद्दा लावून द्यायला हवं. ‘साप तो सापच’ म्हणून हात झटकले तर ती मुलं ऐकणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं?

त्यांच्या म्हणण्यात खरं आहे ते आधी सांगतो. १९९७च्या सिनेमातला ॲनाकोंडा, जो माणसामागे झाडावर चढतो आणि धबधब्यातून उडी घेतो, तो खोटा आहे. खरा ॲनाकोंडा दिवसाचा बराच वेळ पाण्यात पडून असतो, डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर. माणूस दिसला की बहुतेक वेळा तो पाण्याखाली सरकतो. पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं रानातून पकडलेल्या सापापेक्षा माणसाच्या हाताला लवकर सरावतात, हेही खरं. एकाच वेतातली दोन पिल्लं स्वभावाने वेगळी निघतात. एक बोट दिसताच चावायला येतं, दुसरं हातावर पडून राहतं. हे सगळं मान्य. भांडण पुढे आहे. हातावर पडून राहणाऱ्या त्या पिल्लाला ‘शांत’ हे लेबल लावून विकलं जातं, आणि घेणारा ते लेबल त्याचा कायमचा स्वभाव समजून घरी नेतो.

साप गप्प का पडून राहतो, याची कारणं पुष्कळ आहेत. त्याला थंडी वाजत असेल. तो उपाशी असेल, पाणी कमी पडलं असेल, फुप्फुसात संसर्ग असेल. त्याचे डोळे झाकले असतील. सुटायचा प्रयत्न करून करून तो थकला असेल. किंवा हा हात आपल्याला खात नाही, इतकं त्याच्या अंगवळणी पडलं असेल. बाहेरून बघणाऱ्याला ही सगळी कारणं सारखीच दिसतात. महाराष्ट्रात आपल्याला हे वेगळं सांगायला नको. गारुड्याच्या टोपलीतला नाग किती शांत असायचा, आठवून बघा. त्याचे दात उपटलेले, कित्येकदा तोंड दोऱ्याने शिवलेलं, नागपंचमीला दूध प्यावं म्हणून आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं. पोरंटोरं त्याच्या फण्याला हात लावून नमस्कार करायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो खेळ बेकायदा ठरवला आणि बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर आपण तो मनातूनही काढत आणला. तोच शांतपणा आता काचेच्या पेटीत, एलईडी दिव्याखाली ठेवून फ्लॅटमध्ये परत यायला बघतो आहे.

हेसूस रिवास हे व्हेनेझुएलातले संशोधक १९९२पासून तिथल्या लानोस नावाच्या गवताळ पाणथळीत हिरव्या ॲनाकोंडांचा अभ्यास करत आले. शेकडो ॲनाकोंडा त्यांनी हाताने पकडून मोजले. पकडल्यावर ते काय करायचे? सापाच्या डोक्यावर सुती मोजा चढवायचे आणि वरून चिकटपट्टी लावायचे. काही दिसेनासं झालं की तो अवाढव्य प्राणी झगडायचा थांबतो आणि मोजमाप करू देतो. त्याला माणसाळलेला म्हणायचं धाडस रिवास यांनी केलं नाही. उलट १९९८ साली त्यांनी एक निबंध लिहिला, तो रानातल्या ॲनाकोंडांनी त्यांच्याच सहकाऱ्यांवर भक्ष्य समजून चाल केल्याबद्दल होता. ॲनाकोंडा हाताळण्याचा त्यांच्याइतका अनुभव जगात फार थोड्या माणसांना असेल.

मोज्याची ती गोष्ट मला का पटली, ते सांगतो. एका पावसाळ्याच्या तोंडाला कोळीवाड्याच्या बाजूला, खाजणाच्या कडेला टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात एक अजगर अडकला होता. आपलाच भारतीय अजगर, माणसाच्या मांडीएवढा जाड नव्हे, पण दंडापेक्षा जाड. जाळ्याचा धागा दोन ठिकाणी खवल्यांखाली रुतून कातडी उघडी पडली होती. एकाने डोकं धरलं, मी टोक बोथट असलेल्या कात्रीने धागे कापायला बसलो. डोक्यावर ओला टॉवेल टाकला तसा तो गप्प झाला. बघणारे म्हणाले, “कळलं त्याला, तुम्ही वाचवताय ते.” त्याच वेळी त्याच्या अंगाचा मधला भाग माझ्या डाव्या हातावर दोन वेढे घालून बसला होता. जोर कधी वाढला ते मला जाणवलं नाही. बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं जांभळी दिसायला लागली, कात्री धरता येईना. सोडवायचा तर डोक्याकडून ओढून उपयोग नसतो. शेपटीचं टोक धरून एकेक वेढा उलगडावा लागतो, आणि त्याला दोन माणसं कमी पडत होती. तिसऱ्याने हात लावला तेव्हा वेढा सुटला. जखमांवर औषध लावून झाल्यावर टॉवेल काढला, त्या क्षणी तो माझ्या मनगटावर आला. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, हात मागे ओढला की कातडी फाटते, म्हणून ओढायचा नाही, थांबायचं. त्या अजगराच्या मनात ना कृतज्ञता होती ना राग. टॉवेल होता तोवर तो गप्प होता, टॉवेल गेला तसा त्याने स्वतःला वाचवलं.

आता ‘विष नाही, म्हणजे धोका नाही’ हे घेऊ. अजगर आणि ॲनाकोंडा भक्ष्याचा श्वास कोंडून मारतात असं आपण शाळेपासून ऐकत आलो. २०१५ साली अमेरिकेतल्या स्कॉट बोबॅक यांच्या गटाने बोआ सापावर प्रयोग करून दाखवलं की विळखा आधी रक्ताभिसरण तोडतो. काही सेकंदांत रक्तदाब कोसळतो, हृदयाला रक्त ढकलता येत नाही, मेंदूचं रक्त थांबतं. ओरडायला, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारायला जो वेळ आपल्याला मिळेल असं आपण धरून चालतो, तो वेळ मिळेलच असं नाही.

२०१७ साली इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये एक तिशीतला तरुण त्याच्या खोलीत मरून पडलेला सापडला. त्याच्याकडे सुमारे अडीच मीटरचा आफ्रिकी अजगर होता. तो पिल्लू असल्यापासून त्याने वाढवला होता, त्याच्यावर त्याचा जीव होता. जानेवारी २०१८मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निकाल आला: श्वास कोंडून मृत्यू, आणि त्यात अजगराचा हात होता. साप चवताळल्याचा किंवा झटापटीचा पुरावा मिळाला नाही. ‘लहानपणापासून हाताळला की माणसाळतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं. साप आक्रमक नसतानाही माणूस मरू शकतो. सवयीने अंगावर चढलेल्या, आधारासाठी गळ्याभोवती वळलेल्या सापालाही स्नायू असतात आणि ते आवळतात. त्याच्या मनात काय होतं, याने मेलेल्याला काही फरक पडत नाही.

त्याआधी ऑगस्ट २०१३मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमधल्या कॅम्पबेल्टन गावी चार मीटरहून लांब आफ्रिकी अजगर पेटीतून निसटला, हवा खेळवण्याच्या नळीतून सरकत दुसऱ्या खोलीत छतावाटे खाली आला आणि झोपलेल्या दोन भावांचा जीव गेला. एक चार वर्षांचा, एक सहा वर्षांचा. घर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानाच्या वरच होतं. सापांची जाण असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली हे घडलं. आपल्या टॉवरांमध्ये डक्ट असतात, पाइपलाइनच्या फटी असतात, बाथरूमच्या वर उघडी जाळी असते, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याचं बाळ झोपलेलं असतं. त्या शेजाऱ्याला कोणी विचारलं का? ॲनाकोंडा घरात आणायचा निर्णय एकटा फ्लॅटमालक घेतो आणि त्याचा धोका अख्खा मजला वाटून घेतो. मला यातली सर्वात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

मोठे साप सांभाळणाऱ्या जाणत्या लोकांचे नियम बघितले तर ‘शांत’ या शब्दावर त्यांचाच किती कमी भरवसा आहे ते कळतं. पेटी उघडली की आधी हुकने अंगाला हलका स्पर्श करायचा, म्हणजे सापाला कळतं की हे जेवण नाही. उंदीर-कोंबडीचा वास हाताला असेल तर हात घालायचा नाही. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो गिळलेलं ओकतो. डोळे निळसर दुधाळ झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, की त्याला नीट दिसत नाही, तेव्हा दूर राहायचं. मोठा साप एकट्याने काढायचा नाही, दुसरा माणूस खोलीत हवाच. गळ्यात कधीच घालायचा नाही. हे सगळे नियम सांगतात की सापाच्या लेखी तुमचा हात आणि उंदीर यांच्यातला फरक एका वासाचा, एका झुळुकीचा आहे. इतकी काळजी घेऊन केलेल्या त्या हाताळण्यातून सापाला काय मिळतं? कुत्र्याला कुरवाळलं तर त्याला ते हवं असतं, तो स्वतःहून येऊन मांडीवर डोकं ठेवतो. हजारो वर्षं माणसाने त्याची निवड स्वभावावरून केली आहे. परदेशी सापांची पैदास काही दशकांची, आणि तीही रंगासाठी. बॉल पायथनचे ‘मॉर्फ’ म्हणतात ते रंगाचे नमुने. त्यातल्या ‘स्पायडर’ नावाच्या मॉर्फमध्ये सापाची मान डुलते, तोल जातो, भक्ष्यावर नेम धरता येत नाही. हा दोष रंगाबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या येतो, तरी रंग सुंदर म्हणून पैदास चालू राहिली. जिथे सापाला नीट तोल सांभाळता येईल इतकंही बघितलं गेलं नाही, तिथे त्याचा स्वभाव माणसासाठी घडवला गेला, यावर मी कसा विश्वास ठेवू?

हिरव्या ॲनाकोंडाचं पिल्लू जन्मतः साधारण दोन-सव्वादोन फुटांचं असतं. ॲनाकोंडा अंडी घालत नाही, पिल्लंच देतो. त्या वयात ते शर्टाच्या बाहीत मावतं. पूर्ण वाढलेली मादी चार-साडेचार मीटर जाते आणि तीस-चाळीस किलो सहज भरते. त्याहून बऱ्याच मोठ्याही असतात. पिवळा ॲनाकोंडा लहान, म्हणजे तीन मीटरच्या आसपास. ‘लहान’ हा शब्द विकणारा इथे वापरतो, पण तीन मीटर म्हणजे नायगावच्या वन आरकेतल्या हॉलची जवळजवळ रुंदी.

आणि या प्राण्याचं शरीर पाण्यासाठी बनलं आहे. जमिनीवर स्वतःचंच वजन त्याला जड जातं. पाण्यात तो हलका होतो, पोहतो, दबा धरतो, तिथेच पिल्लं देतो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल टाकी धरली, जी मोठ्या मादीला पसरायलाही पुरणार नाही, तरी तिच्यात हजार लिटर पाणी लागतं. साप त्याच पाण्यात विष्ठा करतो, म्हणून ते वारंवार उपसून बदलावं लागतं, नाहीतर कातडीला फोड येतात, संसर्ग होतो. तिरुवनंतपुरमच्या प्राणिसंग्रहालयात २०१४ साली श्रीलंकेच्या देहिवालातून सात हिरवे ॲनाकोंडा आणले. तिथे पशुवैद्य होते, स्वतंत्र जागा होती, तरी पुढे काही अमिबाच्या संसर्गाने दगावले. आता हे नायगाव पूर्वेत करून बघा, जिथे टँकर आला का म्हणून बायका सकाळी खिडकीत उभ्या असतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज पाण्याच्या वेळेवरून वाद होतो. हजार-हजार लिटर पाणी सापासाठी ओतता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात काय होतं तर त्याला प्लास्टिकच्या टबात किंवा कोरड्या पेटीत ठेवतात. तिथे तो हलत नाही. मग पाहुण्यांना सांगतात, बघा किती शांत आहे.

जोहान्सबर्गजवळच्या एका उद्यानातली हिरव्या ॲनाकोंडाची मादी सदतीस वर्षांहून अधिक जगली; तिची विक्रम म्हणून नोंद झाली. एवढं नाही, पण वीस वर्षं तरी धरा. नायगावात भाड्याने राहणाऱ्या तरुणाचा घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. पुढे लग्न, नोकरीतली बदली, आईवडिलांचं आजारपण, पहिलं मूल. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात साप, कासव, सरडे ठेवू नयेत असा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था देते, कारण हे प्राणी निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला पसरवतात. आयुष्यातल्या या प्रत्येक वळणावर साप नको होतो. घ्यायला कोणी नसतं.

तेव्हा तो कुठे जातो? नायगाव, जूचंद्र, उमेळा, पाणजू: आपल्या चहूबाजूंनी खाडी, खाजण, मिठागरं, भातशेती. वसईच्या गावागावांत गोड्या पाण्याची बावखलं, म्हणजे छोटी तळी, आहेत. ती बुजवली जातायत, ते वेगळं दुःख. पण जी उरली आहेत त्यांत पावसाळी पाणी, मासे, बेडूक, पाणकोंबड्या, धामणी आणि दिवड आहेत. खाडीचं खारं पाणी ॲनाकोंडाला मानवणार नाही. बावखल आणि भाताची शेतं मात्र त्याला घरच वाटतील: उबदार, दमट, उथळ, भक्ष्याने भरलेली. लाल कानांची कासवं अशीच घरांतून तळ्यांत आली आणि आता देशभर ठिकठिकाणी दिसतात. २०१८च्या जुलैतला पूर आठवतो? मिठागरांत लोक अडकले, वीज कित्येक दिवस गेली, तळमजल्यांत पाणी शिरलं. त्या रात्री कुणाच्या तळमजल्यावर पेटीत ॲनाकोंडा असता तर त्याला सोडण्याची गरजही पडली नसती.

‘अमेरिकेत पाळतात’ याचं उत्तर अमेरिकेनेच दिलंय. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले, वाढले. तिथल्या रॅकून आणि ओपोसमसारख्या सस्तन प्राण्यांची संख्या ढासळली. त्यानंतर २०१२मध्ये अमेरिकेने बर्मी अजगर, दोन्ही आफ्रिकी अजगर आणि पिवळा ॲनाकोंडा यांना ‘घातक’ प्रजातींच्या यादीत टाकून त्यांची आयात बंद केली. २०१५मध्ये हिरवा ॲनाकोंडा, जाळीदार अजगर आणि आणखी दोन ॲनाकोंडा त्या यादीत गेले. ज्या देशाचा दाखला तुम्ही देता, त्याने वीस-तीस वर्षं हा प्रयोग करून दार लावून घेतलंय. आपण तोच प्रयोग वसईच्या बावखलांवर पुन्हा का करायचा?

उरला कायद्याचा मुद्दा, आणि इथे गोंधळ खरंच मोठा आहे, त्यामुळे मी त्या मुलांना फार दोष देत नाही. जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केलं की परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून माहिती दिली तर तो कुठून आणला याचे कागद मागितले जाणार नाहीत. देशभरातून बत्तीस हजारांवर लोकांनी नोंद केली. मग वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या प्रजातींची चौथी अनुसूची कायद्यात आली. बोआ कुळातले सगळे साप, म्हणजे ॲनाकोंडाही, तिच्यात आहेत. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली आणि आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर जन्म, मृत्यू, दुसऱ्याला दिला तर तेही कळवणं बंधनकारक. यातल्या एकाही ओळीत असं लिहिलेलं नाही की आता बँकॉकहून बॅगेत भरून आणलेला साप चालेल. नोंदणी ही सरकारने ठेवलेली हजेरी आहे. तुमचा साप हिशेबात आला, एवढंच तिने सिद्ध होतं. त्याचा इथवरचा प्रवास तिने धुऊन निघत नाही.

तो प्रवास कसा असतो? ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबईच्या सहार एअर कार्गोवर महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेलं पार्सल उघडलं. त्यात अजगर, सरडे, कासवं, इगुआना मिळून ६६५ प्राणी होते, ११७ मेलेले. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. एप्रिल २०२४मध्ये बेंगळुरू विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत दहा पिवळे ॲनाकोंडा होते. बिस्किटाच्या पुड्यात कोंबलेला साप घरी पोहोचतो तेव्हा तो गारठलेला, तहानलेला, अर्धमेला असतो. हातात घेतला तर तो मान टाकून पडतो. विकणारा फोनवर व्हिडिओ पाठवतो: बघा, किती शांत.

‘नागपंचमीला आपण साप पुजतो, मग पाळला तर काय बिघडलं’ असंही कोणी म्हणतं. बत्तीस शिराळ्याच्या माणसांनी न्यायालयाच्या आदेशापुढे पिढ्यान्‌पिढ्यांची जिवंत नागांची मिरवणूक सोडली. त्यांची श्रद्धा आपल्या हौसेपेक्षा फार जुनी आणि खोल होती. त्यांना जे सोडावं लागलं, ते तुमच्या हॉलमध्ये चालावं, याला मला आधार दिसत नाही.

शेवटचा प्रश्न माझ्यावरच आहे, आणि तो रास्त आहे. सर्पमित्र साप धरतातच. होय, धरतात. पण काम नीट करणारा माणूस सापाला कमीत कमी वेळ हात लावतो. हुक, पिशवी, वनविभागाला कळवणं, जवळच्या योग्य जागी सोडणं. बरणीत दोन दिवस ठेवून शाळेत दाखवणं, गळ्यात घालून फोटो काढणं, नागाच्या फण्याला मुका देण्याचे रील बनवणं, हे आमच्यातलेच काहीजण करतात आणि ते चूक आहे. त्यात कित्येकांचे जीव गेलेत, आणि ‘साप हाताळणं म्हणजे शौर्य’ हा धडा मुलांनी त्यांच्याकडूनच घेतला. त्या मुलांना आज मी अडवतो आहे तर आधी माझ्याच पेशातल्या या लोकांना अडवलं पाहिजे, हे मला मान्य आहे, आणि मी ते तोंडावर सांगतो. आणखी एक कारण आहे. घरी परदेशी बोआ किंवा ॲनाकोंडा ठेवणारा सर्पमित्र त्याच हाताने, त्याच हुकने, त्याच पिशवीत आपला अजगर धरतो. बोआ कुळातल्या सापांत ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ नावाचा विषाणूजन्य आजार असतो. त्याने अजगर चेतासंस्थेच्या त्रासाने मरतात, आणि बोआंमध्ये तो बराच काळ लक्षणांशिवाय लपून राहतो. तुंगारेश्वर अभयारण्याच्या पायथ्याशी सोडलेला अजगर सोबत काय घेऊन गेला, हे नंतर कोणी सांगू शकत नाही.

सापांवर प्रेम आहे ना? मग आपला अजगर बघा. तो पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला घरी ठेवलं तर किमान तीन, कमाल सात वर्षांची शिक्षा आहे. रस्त्यावर तो चिरडला जातो, जाळ्यात अडकतो, बावखल बुजलं की त्याचं भक्ष्य जातं. जे हात ॲनाकोंडासाठी टब भरतात त्यांनी पावसाळ्यात खाजणातली टाकलेली जाळी उचलली तर त्या हातांना खूप काम आहे, आणि त्यासाठी कुठल्याही सापाला हात लावावा लागत नाही.

ज्यांच्याकडे असा साप आधीच आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. नोंदणी झाली नसेल तर मुदत गेली म्हणून घाबरून गप्प बसू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि खरं ते सांगा. बॉल पायथन असो की ॲनाकोंडा, तो विकू नका, दुसऱ्या शहरातल्या मित्राला कुरिअरने पाठवू नका. आणि रात्री पोत्यात घालून बाहेर काढून बावखलाच्या काठी पोत्याचं तोंड सोडू नका. तसं कुणी करत असल्याचं कळलं तर मला फोन करा. मी घेऊन जाईन, काय-कुठून काहीही न विचारता. मग वनविभागाच्या ताब्यात देईन.